डावं बटन

१

शेवट ओळखून दाखवा, पोरंहो. जो ओळखीन त्याच्या सायकलचं पंक्चर मी जलमभर फुकट काढून देईन. अन् जो मधातच उठून 'समजलं, समजलं' करीन त्याच्या दोन्ही टायरातली हवा जातानी गेलेली असन. कोनं सोडली ते मले इचारू नका.

आतापर्यंत कोनालेच नाई जमलं. सगळे पयले मयतावरच जातात. 'कोन मेलं, शेषराव?' इचारतात. मी हासतो अन् बिडी पेटवतो.

तं बाळापुरात, किल्ल्याच्या रस्त्यावर, माह्यं सायकलचं दुकान होतं. त्याले लागून फुरकानचं. मधात एक टिनाची भिंत, अन् त्या टिनाले एक भोक. भोक मीच पाडलं होतं. त्यातून दोरा टाकून मी फुरकानच्या रेडिओची चावी फिरवत जाव. गिऱ्हाईक समोर उभं, अन् रेडिओ आपल्या मनानं वरडे. फुरकान लय हुशार, पन पंधरा दिवस तो रेडिओ खोलून खोलून पाह्यत होता. मंग दोरा सापडला. तवापासून त्यानंही मले सोडलं नाई. माह्या चहात सायकलचे छर्रे टाके.

ते वर्षं वाईट होते. कपाशीनं सगळ्याईले झोपवलं होतं. जीपा भरभरून पेपरवाले येत, बाळापुरात चहा पेत, अन् खेड्यात जाऊन फोटो काढत. नवं काई कोनी घेत नव्हतं. जुनंच दुरुस्त करून वापरत. म्हनून आमा दोघायचं बरं चालत होतं, खोटं काहून बोलू. अन् लाईट तं दिवसभर नसेच. टीव्ही बंद, पंखा बंद. मंग पोट्टे काय करतीन? ते हातातले गेम निघाले होते ना, दोन सेलवर चालनारे. इटा पडतात, गाड्या पळतात, टिक टिक वाजते. पोट्टे सोडा, मोठे मोठे मिशीवाले ओट्यावर बसून आंगठे चालवत.

अन् आंगठा चालला का बटन घासते. आत एक हिरवी पाटी असते, तिच्यावर रबराची चादर, रबराच्या पोटाले काळे ठिपके. ठिपका घासला का बटन मेलं. फुरकान ते खोले, स्पिरिटनं पुसे, ठिपक्यावर पेन्सिल घासे. लयच गेलं असन तं सिगरेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवे. वरचं प्लास्टिक झिजून खड्डा पडला असन तं चिकटनारा मसाला भरून कानशीनं घासे. असं बटन करून दे का नव्या गेमचं झक मारे.

त्याची एक जिद होती. दुकानातून मेलेलं बटन बाहेर जाता कामा नाई. गिऱ्हाईक म्हने, राहू दे, एवढं चालते. फुरकान म्हने, माह्या दुकानात नाई चालत.

अन् झिजलेलं बटन पाहून तो मानूस ओळखे. हा डावरा आहे. हा लेटून खेळते. याची बायको मांगून हाका मारते, म्हनून हा उजवं बटन रागानं दाबते. मी त्या मानसाले इचारून पाहो, तं खरंच निघे.

२

उन्हाळ्याचे दिवस. लाईट गेलेली. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अन् एक बाई आली.

पन्नाशीची असन. घामानं निथळून राह्यली होती. डावा हात पदरात. फुरकानच्या काउंटरसमोर आली अन् पदर बाजूले केला. हातात गेम होता. आंगठा डाव्या बटनावर, असा गच्च, का नख पांढरं पडलेलं.

मी माह्या दुकानातून उठून आलोच. कोन नवीन आलं का मी येतोच.

"भाऊ," ती फुरकानले म्हने, "हे बटन दाबलेलंच चिकटवून द्या."

फुरकान हासला. "मावशी, लोकं दबलेलं वर कराले आनतात."

"मले दबलेलंच पायजे. रबर मेलेलं आहे, खाली गेलं का खालीच बसते. तुमी फक्त वरून मसाला भरून द्या."

फुरकाननं इचारलं, कोनाचा गेम आहे. घरचाच, म्हने. कुठून आल्या? तं बार्शीटाकळीहून. तिथं बस स्टँडच्या बाजूले तिची भज्याची गाडी होती. रुख्मिणी नाव सांगतलं. आता बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून बाळापूर, एवढ्या उन्हात, एका बटनासाठी. मधात अकोल्यात गल्लीगल्लीत रिपेअरवाले पडले. मी तिले तेच म्हनलं. ती म्हने, त्याईनं नाई म्हनलं, तुमचं नाव सांगतलं.

फुरकाननं गेम घ्याले हात पुढं केला. तिनं सोडला नाई.

"आधी तुमचा आंगठा ठेवा," ती म्हने. "मंग मी काढतो."

मी म्हनलं, बाई, त्याच्यातून काय साप निघते का? तिनं माह्याकडं पाह्यलंच नाई. फुरकाननं मजाकमजाकमध्ये आपला आंगठा तिच्या आंगठ्याच्या बाजूनं सरकवला. तिनं आपला काढला. तो सरळच नाई झाला. वाकडाच राह्यला. ती घडीभर त्या आंगठ्याकडं पाह्यत राह्यली, जसा काई दुसऱ्याचा आहे.

"चिकटेपर्यंत काढू नका," म्हने, अन् निघाली. चालली नाई, पळाली. परत केव्हा येऊ, हे तिनं इचारलंच नाई.

ती वळनावरून गेली तसा फुरकाननं आंगठा काढला. ते बटन हळूच वर आलं. झोपलेलं लेकरू श्वास घेते ना, तसं. बस. दुसरं काईच नाई झालं. आमी चहा मांगवला अन् बाईले नावं ठेवली.

३

फुरकान तिचं ऐकीन कसा? तिनं सांगतलं बंद करा, अन् त्यानं ठरवलं नवं करतो. "काका," मले म्हने, "मेलेलं बटन माह्या दुकानातून गेलं तं बार्शीटाकळीपर्यंत नाव जाईन."

त्यानं गेम उन्हात धरला. बटनाले खड्डा पडलेला, चांगला आंगठा बसीन असा. तो पाह्यत राह्यला. मंग गेम फिरवला. परत फिरवला.

मी म्हनलं, काय झालं बे?

तो म्हने, इकडं या. गेम हातात घ्या.

मी घेतला. आंगठा ठेवला. आता तुमीच पाहा, गेम हातात धरला का डावा आंगठा खालून, आपल्या आंगाकडून येते. मंग बटन झिजलं तं आपल्या बाजूनं झिजन. हे झिजलं होतं पलीकडच्या बाजूनं. आंगठ्याचं टोक आपल्याकडं, अन् मूठ तिकडं. म्हनजे गेम तुमच्या हातात, अन् दाबनारा तुमच्या समोर बसलेला. तोंडासमोर तोंड.

"उलटा धरून खेळत असन," मी म्हनलं.

"उलटा धरला तं हे बटन उजव्या आंगठ्याखाली येते, काका. हा डाव्या आंगठ्याचा खड्डा आहे."

मी म्हनलं तुले काय समजते बे आंगठ्याचं. त्यानं पेचकस घेतला अन् खोलला.

जुनं रबर काढून कचऱ्यात टाकलं. आमचा दोघायचा कचरा मी रोज जुन्या टायरासंग पेटवून दे, तसा त्या सांजेले पेटवला. फुरकाननं नव्या गेमचं रबर टाकलं, खड्डा मसाल्यानं भरला, कानशीनं घासला. बटन असं झालं का बोट लावलं का टुनकन वर. मंग त्याची रीत होती, एक पुरा डाव खेळून पाह्याचा. गाड्यायचा गेम लावला. समोरून गाड्या येतात, आपली गाडी डावी नाहीतर उजवी करायची, नाई केली तं धडकली.

तेवढ्यात कोनी हाक मारली, त्यानं गेम काउंटरवर ठेवला. मी पाह्यत होतो. समोरून गाडी आली. आपली गाडी डावीकडं झाली. टिक. परत गाडी आली. टिक.

धडकतच नव्हती.

मले काय वाटलं, सांगू? मले वाटलं फुरकाननं बदला घेतला. पोट्ट्यानं आत काईतरी बसवलं, अन् ती बाई त्याच्या सासुरवाडीची असन, सांगून सवरून आनलेली. मी मनात म्हनलं, वा बेटा, शिकला. काउंटरच्या खाली हात घालून दोरा पाह्यला. मांगून पाह्यलं. दोरा नाई, तार नाई. मी सेल काढून घेतले. काच कोरी झाली.

बटन खाली गेलं. वर आलं. टिक.

फुरकान परत आला अन् त्यानंही पाह्यलं. माह्याकडं पाहून हासला. "मस्त जमवलं, काका," म्हने.

तो समजत होता मी करून राह्यलो.

४

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. फुरकान नमाजले निघाला, दुकानाले कुलूप लावाले लागला. मी म्हनलं, थांब, माहा पान्हा तुह्या दुकानात राह्यला. आत गेलो अन् सायकलच्या चेनचं काळं, ते जुनं, जळकं ग्रीस असते ना, ते बटनाले लावलं. मले पाह्याचं होतं कोनाचा आंगठा काळा होते. ते ग्रीस साबनानं तीन दिवस जात नाई. असे चोर मी लय पकडले आहेत.

कुलूप लागलं. चावी फुरकानच्या खिशात. मी बाहेर बसून एका चाकाच्या तारा ओढत होतो. रस्ता रिकामा. मसजिदीतून आवाज येत होता. अन् टिनाच्या भिंतीपलीकडून टिक. मंग काईच नाई. मंग टिक, टिक. जसं कोनी इचार करून करून दाबून राह्यलं.

मी भोकाले डोळा लावाले उठलो. खरं सांगतो, ते भोक मी पाडलेलं, त्यातून मी हजार डाव पाह्यलं असन. त्या दिवशी डोळा लावला नाई. म्हनलं, आपुन पाह्यलं अन् तिकडूनही कोनी डोळा लावलेला असला तं?

फुरकान आला. कुलूप काढलं. गेम होता तिथंच होता. बटनावरचं ग्रीस पुसलेलं. मधात साफ, आंगठ्याएवढं, अन् काठाले रेषा. टोक आपल्याकडं.

मी म्हनलं, हात दाखव. त्यानं दाखवले. पांढरे फटक, नमाजाआधी वजूनं धुतलेले. माह्येही पाह्यले. माह्या आंगठ्याले नव्हतं, ज्या बोटानं लावलं त्यालेच होतं.

तवा फुरकानची बायको आली. उज्मा. घर दुकानाच्या मांगंच, गल्लीत. हातात डबा, कडेवर पोरगी. तुबा. चार-पाच महिन्याची असन तवा. गोरीपान. उज्मा हासून फुरकानले म्हने, नजरेचा टिका तं छान लावला, पन गालावर काहून लावला, कपाळाच्या बाजूले लावायचा असते.

तुबाच्या गालावर काळा ठिपका होता.

फुरकान म्हने, मी तं आताच आलो, तूच लावला असशीन. उज्मा म्हने, मी न्हाऊ घातली, झोळीत टाकली अन् भाकरी करत बसली. दोघं एकमेकाइकडं पाहून हासून राह्यले. नवरा-बायको ना. त्याईले वाटलं दुसरा मजाक करून राह्यला.

मी पोरीले हातात घेतलं. लाड करतो असं दाखवून गाल नाकाजवळ नेला. काजळाले तुपाचा वास येते. त्याले सायकलच्या चेनचा वास होता.

५

फुरकानले मी सगळं सांगतलं. तरी त्यानं एक डाव इचारलं, काका, कसम खाऊन सांगा, तुमी नाई ना केलं. मी पोराईची कसम खाल्ली. मी कधी खात नाई.

माह्या दुकानातल्या ट्यूबची पट्टी कापली अन् आमी ते बटन दाबून गच्च बांधलं. वेढ्यावर वेढे. कुलूप लावलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बार्शीटाकळी गाठली.

रुख्मिणी स्टँडवरच होती. दोन्ही हातानं भजे सोडून राह्यली होती. आमाले पाह्यलं अन् तिचं हासू मावळलं. गिऱ्हाईक होते, त्याईले कागद बांधून देलं. मंग फुरकानले म्हने, "चिकटवलं नाई ना?"

फुरकाननं मान खाली घातली. म्हने, "नवं रबर टाकलं, मावशी. चांगलं करून देलं."

"मी चांगलं करा म्हनलं होतं का?"

ती म्हने, जुनं रबर असन तं आताच्या आता परत टाका. त्यानं सांगतलं, जळालं. तिनं झारा कढईत ठेवून देला अन् बाजूच्या पेटीवर बसली.

मी म्हनलं, बाई, फोडून टाकतो ना. हातोडा आहे माह्याजवळ.

"माह्या सासूनं चुलीत घालतो म्हनलं होतं."

"मंग?"

"सासू नाई आता."

कोन आहे तो, काय आहे, कुठून आला, मी लय इचारलं. ती म्हने मले नाई माहीत. मी त्याले पाह्यलं नाई. फक्त एवढं समजलं का आपुन दाबून ठेवलं तं त्याले दाबता येत नाई. दोघायपैकी एकाचाच आंगठा बसते. अन् त्याले बटन नाई भेटलं तं तो बसून राह्यते. भेटलं तं घरातलं जे सगळ्यात लहान असन, त्याच्याकडं जाते.

फुरकान उठला. "बांधून आलो आहो आमी," म्हने, "ट्यूबनं."

"जित्या आंगठ्याखालीच दबते ते आता. तुमी त्यात जीव घातला, भाऊ. बाकी सगळं तो सोडते."

तिनं भजे कागदात बांधून माह्या हातात देले. मी आजपर्यंत फुकटाचं कधी सोडलं नाई. ते भजे मी येतानी एसटीतच ठेवून देले.

६

बाळापूरले उतरलो तवा दुपार होती. तीच वेळ, लाईट नाई, रस्त्यावर कोनी नाई. उतरल्या उतरल्या फुरकान दुकानाकडं धावला अन् मले म्हने, काका, तुमी घरी जा. पोरीले पाहा.

मी गल्लीत शिरलो. अन् मले तुबाचं रडनं ऐकू आलं.

लेकरू रडते ते कसं रडते? लांब रडते, श्वास घेते, परत रडते. हे तसं नव्हतं. रडनं मधातच तुटे. कोनी चावी बंद केल्यावानी. मंग परत तिथूनच चालू होये. परत तुटे.

दार लोटलेलं. उज्मा घरात नव्हती, टँकर आला होता, ती मोठ्या रस्त्यावर पान्याले गेली होती. आत अंधार. बाहेरच्या उन्हातून आलेलो, मले घडीभर काईच दिसलं नाई. मंग झोळी दिसली. साडीची झोळी, आढ्याले बांधलेली. माह्याकडचा काठ सरळ होता. पलीकडचा काठ खाली बसलेला होता. कोनी कोपर टेकून वाकलं असन ना, तसा.

पलीकडं भिंत होती. अन् भिंत अन् झोळीच्या मधात रिकामी जागा.

मी मनात म्हनलं, शेषराव, कापड जुनं आहे, फाटलं असन. मनात म्हनलं, लेकराच्या वजनानं कलली असन. दोन पावलं जवळ गेलो अन् आत पाह्यलं.

तुबा उताणी पडलेली. डोळे उघडे. ती माह्याकडं पाह्यत नव्हती, पलीकडं पाह्यत होती, वर, जिथं मानसाचं तोंड असन तिथं. अन् तिच्या गालाले खड्डा पडला. आंगठ्याएवढा. गाल आत गेला, तोंड उघडंच राह्यलं, आवाज बंद. गाल वर आला, रडनं चालू. मंग परत खाली. इचार करून करून.

माह्ये पाय उचललेच नाई, पोरंहो. मी, ज्यानं अर्ध्या बाळापूरले घाबरवलं, तो मी तिथं उभा राह्यलो अन् माह्यं धोतर ओलं झालं. हासा. हासून घ्या.

मंग तो खड्डा सरकला. गालावरून ओठावर आला. अन् तिथं दबला, अन् वर आलाच नाई. ओठ आत गेलेले, नाक चपटं. पोरीचे पाय झोळीत आपटून राह्यले. तोंड निळं व्हाले लागलं. तिचे डोळे त्याच्याकडंच.

मी हात घातला. सांगतो, मी हात घातला. ओठावरून जे होतं ते ढकलाले गेलो, अन् माह्या हाताले काईच लागलं नाई. थंडही नाई, गरमही नाई. हात पोरीच्या तोंडावरून रिकामाच फिरला, अन् खड्डा होता तिथंच.

मंग एकदम सुटलं. ओठ वर आले. तिनं असा श्वास ओढला का मले आजही रात्री ऐकू येते. झोळीचा पलीकडचा काठ हळूहळू सरळ झाला.

मी पोरीले उचललं अन् दुकानाकडं पळालो. फुरकान काउंटरमांगं उभा. घाम गळून राह्यला. आंगठा त्या बटनावर गच्च. ट्यूबची पट्टी काउंटरवर पडलेली. तुटलेली नव्हती. सोडून, नीट गुंडाळून ठेवलेली होती.

"आता दाबलं," म्हने. "खालून वर ढकलून राह्यलं, काका. पोरगी कशी आहे?"

मी तुबाले दाखवलं. त्यानं तिच्याकडं पाह्यलं अन् उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. डावा नाई काढला.

७

आमी काय नाई केलं. दुसऱ्या गेमचं मेलेलं रबर टाकून पाह्यलं. फुरकाननं सांगतलं तसं मी खोललं, त्याचा आंगठा वरून दबलेलाच. ते मेलेलं रबरही आता वर याले लागलं. मसाला भरला, दगडावानी वाळला, आंगठा जरासा ढिला केला तं मसाल्यासकट वर आलं. तेवढ्यात घरून रडनं तुटल्याचा आवाज आला. मंग त्यानं कधी ढिला केला नाई. झोपतानी फडक्यानं हात बांधून घे.

अन् लोकायले काय दिसत होतं? तिशीतला गडी, बायको-लेकरू असलेला, दिवसभर पोट्ट्यायचा गेम हातात घेऊन बसलेला. काच कोरी, सेलही नाई आत, तरी दाबून बसलेला. दुकानात काम येईना झालं. एका हातानं पेचकस धरन का हिरवी पाटी धरन? मसजिदीतल्या बुजुर्गायनं समजावलं. पोट्टे समोर उभे राहून आंगठे दाखवत.

उज्माले त्यानं सगळं सांगतलं होतं. तिनं मले बोलावलं. म्हने, "चाचा, खरं सांगा."

मी सगळं सांगतलं. झोळीचा काठ, गालाचा खड्डा, सगळं. ती म्हने,

"चाचा, मागच्या ईदले तुमी मले सांगतलं होतं का किल्ल्यात वाघ शिरला. मी दोन दिवस लेकराचे कपडे वाळत नाई घातले."

बस. एवढंच बोलली. मी कसम खाल्ली. तिनं दार लावून घेतलं.

फुरकान म्हने, राहू द्या काका, पोरगी मोठी होत आहे ना. खरंच मोठी होत होती. रांगाले लागली, उभी राहाले लागली. गाल कसे तं गुलाबाच्या पाकळीवानी, एक डाग नाई.

दुकानाचा ओटा उंच. खाली फरशीची नाली. एक दिवस उज्मानं तुबाले बापापाशी बसवलं अन् समोरच्या किराना दुकानात गेली. पोरगी काउंटरले धरून उभी राह्यली. मंग काउंटर सोडलं. पयलं पाऊल टाकलं. आमी दोघंही पाह्यत होतो, मी माह्या ओट्यावरून, चाक हातात. दुसरं टाकलं. ओट्याच्या काठाकडं. फुरकाननं वाकून उजव्या हातानं तिचा फ्राक पकडला. पकडलाच होता. कापड त्याच्या बोटातून सरकून राह्यलं होतं, दुसऱ्या हातानं बखोटी धरली असती तं झालं असतं. हात तिथंच होता, वीतभर दूर. मी त्याचा खांदा हललेला पाह्यला. आंगठ्याची शीर फुगलेली पाह्यली.

त्यानं नाई काढला.

फ्राक सुटला. पोरगी फरशीवर तोंडावर पडली. भुवईवर कपाळ फुटलं, रक्तानं डोळा भरला.

उज्मा रस्त्याच्या पलीकडून पाह्यत होती. हातातलं सामान तिथंच टाकून आली. पोरीले उचललं. ओरडली नाई. नवऱ्यासमोर उभी राह्यली, अन् त्याच्या डाव्या हाताकडं पाह्यलं. गेम तसाच. आंगठा तसाच.

"एवढ्यासाठीही नाई," ती म्हने.

फुरकाननं तोंड उघडलं. माह्याकडं पाह्यलं. मी बोललो असतो, पन माह्या बोलन्याले काय किंमत होती.

त्याच सांजेले ती पोरीले घेऊन अकोल्याले, मायच्या घरी गेली. मंग काजी आले, तलाकचा कागद झाला. फुरकाननं उजव्या हातानं सही केली. आतातर त्याचा डावा हात आंगठ्यापासून कोपरापर्यंत वाळला. तो त्याच दुकानात बसते, शटर अर्धं खाली, आंगठा बटनावरच; काढला तं पोरीकडं जाईन, म्हने. मी डबा नेऊन देतो.

तुबा आता मोठी झाली, कॉलेजात आहे. भुवईवर टाक्याची खून आहे, बाकी चंद्रावानी दिसते. मी अकोल्याले गेलो होतो, दुरून पाह्यलं. मैत्रिणी होत्या संग. एकीनं इचारलं, ही खून कायची?

तं हासत म्हने, माह्या बापाले व्हिडिओ गेम खेळाचा होता.